आडात नसलेले पत्र : एका डिकन्स-चरित्रातील संदर्भाचे प्रकरण

प्रकरण थोडक्यात

१८६२ च्या उन्हाळ्यात रशियन कादंबरीकार फ्योदोर दोस्तोयेव्हस्की लंडनमध्ये इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सला भेटला आणि डिकन्सने त्याच्यापाशी आपल्या स्वभावाची कबुली दिली, अशी हकीकत दोस्तोयेव्हस्कीच्या एका पत्राच्या हवाल्याने २००२ साली ‘द डिकन्सियन’ या नियतकालिकात छापून आली. पुढे २००९ आणि २०११ मध्ये आलेल्या दोन मोठ्या चरित्रांनी ती उचलली. २०१३ मध्ये उघड झाले की पत्र बनावट होते आणि भेटीला दुसरा कसलाही आधार नव्हता.

अलीकडच्या काळातील संबंधितांची नावे येथे मुद्दाम गाळली आहेत. एका अभ्यासकाला दोषी ठरवणे हा हेतू नाही. उत्तम तयारीचा चरित्रकारही कोणत्या जागी घसरतो, ती जागा नेमकी दाखवायची आहे.

पार्श्वभूमी

२००९ चे चरित्र लिहिणारे प्राध्यापक या क्षेत्रातले सर्वांत जाणकार मानले जात. लंडनमध्ये दीर्घकाळ अध्यापन, डिकन्सच्या आयुष्यातील स्त्रियांवरचे पुस्तक, त्याच्या पत्रकारितेच्या चार खंडांचे संपादन आणि त्याआधी खुद्द ‘द डिकन्सियन’चे जवळपास दशकभर संपादकपद अशी त्यांची कारकीर्द. शेवटचा मुद्दा लक्षात ठेवावा. ज्या नियतकालिकातून ही हकीकत आली, ते त्यांच्यासाठी परके नव्हते, घरचेच होते.

‘द डिकन्सियन’ १९०५ पासून निघते. डिकन्सप्रेमींच्या संघटनेचे ते मुखपत्र आहे. त्यात प्राध्यापक लिहितात, तसे निवृत्त शिक्षक, ग्रंथपाल, हौशी संग्राहकही लिहितात. एखाद्या गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत सापडलेले नाव, लिलावात आलेले दोन ओळींचे पत्र अशा बारीकसारीक गोष्टी तिथेच पहिल्यांदा छापल्या जातात आणि चरित्रकार त्यांवर विसंबतात. हा मोकळेपणा हे त्याचे बळ आहे. फसवणूक झाली तीही याच दारातून.

डिकन्सच्या चरित्रसाधनांत एक मोठे भगदाड आहे. सप्टेंबर १८६० मध्ये त्याने गॅड्स हिलच्या घरामागे आपल्याला आलेल्या पत्रांची होळी केली, आणि नंतरही आलेली पत्रे जाळण्याची सवय ठेवली. त्याने लिहिलेली चौदा हजारांहून अधिक पत्रे १९६५ ते २००२ या काळात बारा खंडांत छापली गेली. लोकांनी त्याला लिहिलेली मात्र फारच थोडी उरली. त्यामुळे ‘अमुक माणूस त्याला भेटला होता’ असे कुणी म्हटले, तर डिकन्सच्या बाजूने ते खोडणे अवघड जाते. बनावट पुरावा अशाच भगदाडात नीट बसतो.

हकीकत काय होती

२००२ चा लेख छोटा, दोन-तीन पानांचा. लेखिका म्हणून एका स्त्रीचे नाव. लेखाचा विषय डिकन्सचे खलनायक. त्यात दोस्तोयेव्हस्कीने १८७८ मध्ये आपला जुना डॉक्टर मित्र यानोव्हस्की याला लिहिलेल्या पत्राचा इंग्रजी उतारा होता. डिकन्स आपल्या साप्ताहिकाच्या कचेरीत भेटला, असे त्यात होते. तो म्हणाला की कादंबऱ्यांतली साधीभोळी, चांगली माणसे म्हणजे आपल्याला जे व्हायचे होते ते. आणि खलनायक म्हणजे आपण प्रत्यक्षात जे आहोत ते. आपल्यात दोन माणसे आहेत, असेही तो म्हणाला. त्यावर पाहुण्याने विचारले, ‘दोनच?’

शेवटच्या त्या एका शब्दावर सगळी हकीकत तरली. तो इतका दोस्तोयेव्हस्कीचा वाटतो की वाचणाऱ्याला हसू येते आणि शंका विरून जाते.

हवाला होता कझाक विज्ञान अकादमीच्या एका नियतकालिकाचा, साल १९८७, सोबत एका अभ्यासकाचे नाव. सोव्हिएत काळ, अल्माटीसारखे दूरचे शहर, रशियन भाषा. लंडनमधल्या किती वाचकांच्या हाताला तो अंक लागणार होता?

अडचण नेमकी कुठे होती

चरित्रकाराच्या टेबलावर असा उतारा येतो तेव्हा त्याचे आकर्षण तिहेरी असते. पहिले म्हणजे तो डिकन्सच्या तोंडचा आहे. आणि डिकन्स आपल्या लेखनामागच्या मनाविषयी फार क्वचित बोलला. दुसरे, ‘दोन डिकन्स’ ही मांडणी समीक्षकांनी १९४० च्या दशकापासून केलेली होती, तीही दोस्तोयेव्हस्कीशी त्याचे नाते जोडून. म्हणजे पत्राने नवे काही सांगितले नाही; अभ्यासक साठ वर्षे जे म्हणत होते, तेच डिकन्सकडून वदवून घेतले. तिसरे, तो छापील आहे, ओळखीच्या नियतकालिकात आहे, तळटीपेसह आहे.

यातले दुसरे आकर्षण सर्वांत घातक. आपल्या सिद्धान्ताला विरोध करणारा पुरावा अभ्यासक दहा वेळा उलटून पाहतो. सिद्धान्ताला पाठबळ देणाऱ्या पुराव्याला चहा देऊन बसवतो.

आता हकीकत आतूनच तपासून पाहू. यासाठी रशियन येण्याची गरज नव्हती. व्हिक्टोरियन अभ्यासकाच्या कपाटातली माहिती पुरेशी होती.

१८६२ मध्ये दोस्तोयेव्हस्की इंग्लंडात अनोळखी होता. त्याचे पुस्तकरूपाने इंग्रजी भाषांतर पहिल्यांदा आले ते १८८१ मध्ये, डिकन्सच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी. म्हणजे डिकन्सपुढे बसलेला माणूस त्याच्या लेखी एक परदेशी पाहुणा एवढाच असणार. आणि डिकन्स कसा होता? बारा वर्षांचा असताना बुटपॉलिशच्या कारखान्यात काम केल्याची गोष्ट त्याने जन्मभर जवळजवळ सर्वांपासून लपवली. मित्र जॉन फॉर्स्टरने १८७१ च्या अखेरीस चरित्राचा पहिला खंड काढला तेव्हा ती जगाला कळली. असा माणूस एका अनोळखी रशियनाला पहिल्या भेटीत आपल्या दुष्टपणाची कबुली देतो, हे पचायला जड आहे.

भाषेचाही प्रश्न होता. दोस्तोयेव्हस्कीला इंग्रजी संभाषण येत नव्हते, डिकन्सला रशियन येत नव्हती. बोलणे झाले असेल तर फ्रेंचमध्ये. मग फ्रेंचमधले बोलणे सोळा वर्षांनी रशियनमध्ये आठवून लिहिलेले, तेही पुन्हा इंग्रजीत आलेले. एवढ्या तीन गाळण्यांतून येऊनही डिकन्सची वाक्ये इतकी रेखीव कशी राहिली?

तिसरी गोष्ट म्हणजे मौन. दोस्तोयेव्हस्की डिकन्सचा भक्त होता. ‘लेखकाची रोजनिशी’मध्ये त्याने डिकन्सचे नाव पुन्हा पुन्हा घेतले, पण भेटीचा शब्दही नाही. आपल्या आवडत्या लेखकाला भेटलेला माणूस, तोही पत्रकार, वीस वर्षे गप्प बसेल?

यातला एकही मुद्दा एकटा निर्णायक नाही. तिन्ही एकत्र ठेवले की निदान हात थांबायला हवा होता.

समोर कोणते पर्याय होते

अशा वेळी चरित्रकाराला पाच वाटा असतात, आणि प्रत्येकीची किंमत वेगळी.

उतारा सरळ मजकुरात घेऊन २००२ च्या लेखाचा संदर्भ देणे ही सर्वांत स्वस्त वाट. पण इथे एक बारीक खड्डा आहे. काही लेखक मधल्या लेखाऐवजी थेट मूळ कझाक अंकाचाच हवाला देतात, जणू तो स्वतः पाहिला आहे. तसे केले की पुढच्या वाचकाला साखळीतली मधली कडी दिसतच नाही. जे पाहिले तेच नोंदवायचे, बाकी ‘अमुक लेखात उद्धृत’ असे लिहायचे, हा नियम कंटाळवाणा वाटतो तो इथे उपयोगी पडतो.

दुसरी वाट ‘असे म्हणतात’, ‘एका हकीकतीनुसार’ अशी मऊ गादी घालण्याची. ती सभ्य दिसते, पण परीक्षक आणि वर्तमानपत्रे गादी काढून टाकतात आणि आतले वाक्य तेवढे उचलतात. चमकदार उताऱ्यापुढे सावध क्रियापद टिकत नाही.

तिसरी, मजकुरात न घेता तळटीपेत शंकेसह चर्चा करणे. चौथी, रशियन साहित्याच्या एखाद्या सहकाऱ्याला विचारणे आणि उत्तर येईपर्यंत जागा मोकळी ठेवणे. पाचवी, सोडून देणे.

चौथ्या वाटेची खरी किंमत किती होती हे पाहण्यासारखे आहे. दोस्तोयेव्हस्कीच्या समग्र साहित्याची ३० खंडांची रशियन आवृत्ती १९७२ ते १९९० या काळात लेनिनग्राडहून निघाली. त्यात पत्रे तारखेवार आहेत आणि १८७८ पासूनची पत्रे तिसाव्या खंडाच्या पहिल्या भागात आहेत. तो भाग १९८८ चा, म्हणजे कथित कझाक लेखानंतरचा. नवे पत्र १९८७ मध्ये खरोखर उजेडात आले असते, तर संपादकांनी ते घेतले असते किंवा निदान त्याची दखल घेतली असती. शिवाय १९९३ ते १९९५ मध्ये त्याच्या आयुष्याची तीन खंडांची दिनवार बखर आली. ही पुस्तके लंडनच्या मोठ्या ग्रंथालयांत मिळतात. रशियन वाचणाऱ्या माणसाला यासाठी एक दुपार पुरली असती, आणि न वाचणाऱ्याला तसा माणूस गाठण्यासाठी एक पत्र.

नियतकालिकाचे नावही अडकायला हवे होते. कझाक अकादमीची माहितीतली नियतकालिके ‘इझ्वेस्तिया’ आणि ‘वेस्तनिक’ या नावांची. तळटीपेत ‘वेदोमोस्ती’ होते. तिन्ही रशियन शब्द वार्ता-वृत्त या अर्थाच्या जवळचे आहेत, त्यामुळे बाहेरच्याला फरक कळत नाही. बनवणाऱ्याला रशियन विद्वत्तेचा वास कसा असतो हे ठाऊक होते. वाचणाऱ्यांना तो वास पुरला.

प्रत्यक्षात काय झाले

२००९ च्या चरित्रात हकीकत आली. २०११ मध्ये, डिकन्सची द्विशताब्दी तोंडावर असताना, दुसऱ्या एका नामवंत चरित्रकार बाईंच्या पुस्तकातही ती आली. त्या तर डिकन्सच्या गुप्त संबंधावर मुळातून संशोधन केलेल्या लेखिका. पुराव्याची किंमत न कळणाऱ्या नव्हेत. पण आता हकीकतीमागे एक लेख आणि एक प्रमाण चरित्र असे दोन आधार दिसत होते. प्रत्यक्षात आधार एकच होता, तोच पुन्हा मोजला गेला. आडात नसलेले पाणी पोहऱ्यात आले, आणि पोहरा पाहून लोकांनी आड भरलेला धरला.

मग न्यूयॉर्क टाइम्समधल्या परीक्षणाने २०११ च्या पुस्तकातला नेमका हाच प्रसंग उचलला. हकीकत पहिल्यांदा डिकन्सवाल्यांच्या अंगणाबाहेर पडली आणि रशियन साहित्याच्या अभ्यासकांच्या नजरेस आली. त्यांचा पहिला प्रश्न साधा होता : हे दोघे बोलले कोणत्या भाषेत? दुसरा : हे पत्र आम्हाला कसे माहीत नाही?

नऊ वर्षे डिकन्सवाले वाचत होते तोवर कुणी विचारले नाही. दोस्तोयेव्हस्कीवाल्यांनी वाचताच विचारले. दोन शेजारच्या विषयांत एवढी उंच भिंत असते.

नियतकालिकाने २००२ च्या लेखिकेशी संपर्क साधला तेव्हा उत्तर ‘बहिणी’कडून आले : मोटार अपघातात तिच्या मेंदूला इजा झाली असून ती काही सांगू शकत नाही. इथे तपास थांबू शकला असता. आजारी माणसाला कोण छेडणार?

कॅलिफोर्नियातल्या एका रशियन साहित्याच्या प्राध्यापकांनी मात्र धागा सोडला नाही. कझाक अंक सापडत नाही, तो लिहिणाऱ्या अभ्यासकाचा दुसरा कुठलाही मागमूस नाही, हे कळल्यावर त्यांनी लेखिकेच्या नावाने छापलेले इतर लेखन गोळा केले. त्यातून दुसरी नावे निघाली. ही नावे एकमेकांची पुस्तके उद्धृत करत होती, एकमेकांची स्तुती करत होती, क्वचित भांडतही होती. सगळ्यांच्या मागे एकच माणूस होता : विद्यापीठात कायमची जागा न मिळालेला एक स्वतंत्र इतिहास-अभ्यासक. एप्रिल २०१३ मध्ये ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’ने हा तपास सविस्तर छापला. त्याच वर्षी त्या गृहस्थाने वृत्तपत्राला मुलाखत देऊन बनावटपणा मान्य केला. विद्वत्तेचे दरवाजे आपल्याला बंद राहिले ही त्याची जुनी तक्रार होती. गंमत अशी, की बाहेरच्यांसाठी दार उघडे ठेवणाऱ्या मोजक्या नियतकालिकांपैकी एकाला त्याने फसवले.

परिणाम

२००९ चे चरित्र या एका पानामुळे कोसळले नाही. डिकन्सला मुळात व्यावसायिक लेखक म्हणून पाहणारे, त्याच्या संपादकीय कामाचा दिवसागणिक हिशोब ठेवणारे ते पुस्तक आजही हाताशी ठेवावे असे आहे. हकीकत त्याच्या बांधणीत भार वाहणारा खांब नव्हती. भिंतीवरचे चित्र होती. चित्र काढून टाकले तरी भिंत राहते.

तोटा दुसरीकडे झाला. छापील प्रती ग्रंथालयांत आहेत. हकीकत खोटी ठरल्यानंतरही महाजालावर ती उद्धृत होत राहिली, कारण ‘दोनच?’ हा शब्द खंडनापेक्षा वेगाने पळतो. आणि नियतकालिकांना हौशी लेखकांकडे संशयाने पाहण्याचे निमित्त मिळाले. खऱ्या हौशी संशोधकांच्या दृष्टीने हा सर्वांत मोठा फटका.

निर्णयाच्या जागा आणि वेगळे काय करता आले असते

पहिली जागा २००२ चे संपादकीय टेबल. परभाषेतले, अप्रसिद्ध आणि दूरच्या ठिकाणचे साधन वापरणाऱ्या लेखकाकडे मूळ पानाची छायाप्रत मागायची, हा साधा नियम पुरला असता. प्राध्यापक असो की हौशी, सगळ्यांना सारखाच. ‘छायाप्रत हरवली’, ‘टिपणे घरी आहेत’ असे उत्तर आले तर लेख थांबवायचा. शिवाय लेख डिकन्सच्या जाणकाराला दाखवणे इथे निरुपयोगी होते. दोस्तोयेव्हस्कीच्या जाणकाराला दाखवायला हवा होता. परीक्षक निवडताना नियतकालिकाचा विषय न पाहता पुराव्याचा विषय पाहायचा, हे आजही फार ठिकाणी पाळले जात नाही.

दुसरी जागा २००९ चा चरित्रकार. मोठ्या चरित्रात संदर्भटीपा शेकड्यांनी असतात आणि प्रत्येकीचे मूळ पाहणे माणसाच्या आवाक्यातले नाही. म्हणून चाळणी लागते. हकीकत एकाच आधारावर उभी आहे का? मूळ भाषा आपल्याला वाचता येत नाही का? इतर सर्व साधने गप्प आहेत का? आणि ती उद्धृत करण्याचा मोह अतोनात होतो आहे का? चारपैकी तीनांना ‘हो’ असेल तर मूळ पाहिल्याशिवाय मजकुरात घ्यायचे नाही. या पत्राला चारही लागू होते. चौथा प्रश्न थट्टेचा वाटेल, पण अनुभवी संपादक तोच आधी विचारतात.

तळटीप तपासताना ती फोडून घ्यावी. इथे एका टिपेत पाच स्वतंत्र विधाने होती : असे नियतकालिक आहे, त्या साली तो अंक निघाला, त्यात त्या नावाच्या माणसाचा लेख आहे, दोस्तोयेव्हस्कीने त्या तारखेला ते पत्र लिहिले, आणि इंग्रजी भाषांतर मुळाबरहुकूम आहे. यानोव्हस्की खरा होता, दोस्तोयेव्हस्कीची लंडनवारी खरी होती, डिकन्सचे साप्ताहिक खरे होते. चांगल्या बनावटीत नव्वद टक्के माल अस्सल असतो. म्हणून ओळखीच्या तपशिलांवरून अनोळखी तपशिलाला प्रमाणपत्र द्यायचे नसते. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही.

तारखांत आणखी एक सापळा असतो. रशियन पंचांग एकोणिसाव्या शतकात युरोपपेक्षा बारा दिवस मागे होते. भेटीचा दावा तपासताना रशियन तारीख बारा दिवस पुढे सरकवून मग डिकन्सच्या पत्रांशी पडताळायची. असे केले नाही तर खरी भेट खोटी ठरते किंवा खोटी खरी.

तिसरी जागा २०११. नंतरच्या चरित्रकाराने आधीच्या दोन आधारांना दोन साक्षीदार मानण्याआधी त्यांच्या टिपा शेजारी ठेवून पाहाव्यात. दोन्हींचा शेवट एकाच लेखात होत असेल तर साक्षीदार एकच.

चौथी जागा दुरुस्तीची, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. छापून झालेल्या चरित्रातून प्रसंग काढायचा तर तो निदान तीन ठिकाणी असतो : मजकूर, टीप आणि सूची. मजकूर काढला तर पुढची पाने सरकतात आणि सगळी सूची चुकते. म्हणून काढलेल्या ओळींइतक्याच ओळी नव्याने लिहून ती जागा भरतात. बहुतेकदा विसरते ती सूची. मजकुरातून पाहुणा निघून जातो आणि मागच्या पानांत ‘दोस्तोयेव्हस्की, डिकन्सशी भेट’ ही नोंद तशीच राहते. प्रस्तावनेत दोन ओळींचा स्पष्ट उल्लेखही हवा. गुपचूप काढलेला मजकूर जुनी प्रत वापरणाऱ्या वाचकापर्यंत कधीच पोचत नाही.

लंडनमधल्या त्या सुमारे आठ दिवसांबद्दल दोस्तोयेव्हस्कीने स्वतः १८६३ मध्ये लिहिले आहे. हेमार्केटमधल्या रात्री, प्रदर्शनाला लोटलेली गर्दी, स्फटिकमहाल, शनिवारी मजुरी हातात पडल्यावर दारू पिणारे कामकरी, हे सगळे त्यात आहे. डिकन्सच्या भेटीचा उल्लेख त्यात नाही. ते पुस्तक इंग्रजी भाषांतरातही मिळते.